तुम्ही विचारलंत म्हणून : चिंगीचा आवाज

"तू ती चिंगी ना? मग पुढे काय झालं गं? सोडलंस का सगळं?"

लग्नाकार्यात भेटणारी माणसं हे विचारतात. डोंबिवली लोकलमध्ये समोर बसलेल्या बाई आधी ठाण्यापर्यंत निरखून बघतात आणि मग विचारतात. गेल्या महिन्यात बँकेत केवायसीचा फॉर्म देताना काउंटरपलीकडच्या ताईंनी विचारलं. मागे रांग होती, म्हणून "नाही हो, काम चालू आहे, आवाजाचं" एवढंच बोलून मी निघाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. टीव्हीवर दिसायची बिचारी, आता कुठेतरी मागे आवाज देते, असं ते हळहळणं असतं. त्यात वाईट हेतू नसतो, माया असते. म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायचं खूप दिवस मनात होतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सांगते.

१९८७च्या दिवाळीच्या सुट्टीत आमचं शूटिंग झालं. मी चौथीत होते. १३ भागांची मराठी मालिका, वाईजवळचा एक जुना वाडा, आजोबा, दोन नातवंडं आणि शेवंती नावाची एक शेळी. मी त्यातली चिंगी. सकाळी सहाला उठवून, दोन वेण्या घालून, तेल लावून मला उभी करायचे आणि मला ते सगळं अतिशय आवडायचं. सेटवर एक काका खांद्याला जडशी पेटी अडकवून, कानाला हेडफोन लावून बसलेले असत. मला वाटायचं ते गाणी ऐकताहेत. पुढे कळलं की ती पेटी म्हणजे नाग्रा, ध्वनिमुद्रणाचं यंत्र, आणि ते काका माझं बोलणं ऐकत होते.

मालिका १६ एमएमच्या फिल्मवर चालली होती. कॅमेऱ्याची घरघर, घाटावरचे कावळे, बाहेर जमलेल्या गावकऱ्यांची कुजबुज, हे सगळं त्या ध्वनिमुद्रणात यायचं. म्हणून सेटवरचा आवाज फक्त खुणेपुरता घ्यायचे. त्याला म्हणतात पायलट. मग महिन्या-दोन महिन्यांनी सगळ्या नटांनी मुंबईत स्टुडिओत यायचं आणि पडद्यावरचे आपलेच ओठ बघत सगळं पुन्हा बोलायचं. आमच्या डबिंगची तारीख लागली फेब्रुवारीत. माझी चौथीची स्कॉलरशिप तोंडावर आलेली. बाबा म्हणाले, परीक्षा आधी. निर्मात्यांचीही तारीख हलण्यासारखी नव्हती. यात दोष कुणाचाच नव्हता. फक्त मग चिंगी कोण बोलणार, हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

मे महिन्यात पहिला भाग लागला. आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारच्या काकूंच्या खोलीत अख्खा मजला जमला होता, दारात, खिडकीत, गॅलरीत. वाडा दिसला, आजोबा दिसले, शेवंती दिसली. मग मी धावत आले, तोंड उघडलं, आणि त्यातून दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज आला.

"आजोबा, शेवंतीला पण शाळेत नेऊया ना!"

पातळ, लख्ख, किंचित नाकातला. माझा नव्हता. सगळी खोली माझ्याकडे वळून बघत होती. "काय गोड बोलतेस गं!" कुणीतरी गाल ओढला. मी आईकडे बघितलं. आई टीव्हीवरची नजर काढत नव्हती. रात्री अंथरुणात विचारलं, "आई, ते कोण बोललं?" ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "परीक्षा होती ना बाळा."

तेराही आठवडे ते चाललं. मजल्यावरच्या मुली घेराव घालायच्या, ते शेवंतीचं म्हणून दाखव. मी म्हणायचे. मुली म्हणायच्या, टीव्हीत वेगळं वाटतं. मग मी गॅलरीत, दुपारी सगळे झोपले की, कठड्याला धरून सराव सुरू केला. त्या आवाजासारखं बोलायचा. नाकात किती, गळ्यात किती, 'नेऊया ना'वर वर कुठे चढायचं. जून उजाडेपर्यंत मला ते इतकं जमलं की काकूंनी एकदा आतून हाक मारली, "आज मालिका आहे का गं?"

मी आवाजाच्या कामाला लागले ती खरं तर त्या उन्हाळ्यात, दहाव्या वर्षी. बाकी सगळं नंतरचं.

पडद्याचं पुढे फार नाही सांगण्यासारखं. आणखी दोन मालिका, एक साबणाची जाहिरात. मग एका वर्षात चार इंच उंची वाढली. बाहुली घेऊन बसायला मोठी, साडी नेसायला लहान. बोलावणी थांबली. मला त्याचं दुःख झालं, नाही असं नाही, पण ते सहा महिन्यांत विरलं. शाळा होती, मैत्रिणी होत्या. आई-बाबांनी माझ्या पैशांवर घर चालवलं नाही, हे त्यांचे माझ्यावरचे मोठे उपकार. पुष्कळ मुलांच्या वाट्याला हे येत नाही.

१९९४मध्ये मी अकरावीत होते. आदल्या वर्षी दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली हिंदीतून आला होता आणि त्यातल्या शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा आहे हे आम्हा पोरांना डोळे मिटूनही कळायचं. आणि त्या वर्षी 'ज्युरासिक पार्क' हिंदीत लागला. परदेशी सिनेमा आपल्या भाषेत लोक तिकीट काढून बघतात, हे सगळ्या धंद्याला त्या एका सिनेमाने दाखवून दिलं. अंधेरीकडच्या स्टुडिओंमध्ये एकाएकी माणसं कमी पडायला लागली. बाबांच्या ओळखीचे एक नट होते, ते म्हणाले, गर्दीसाठी आवाज हवेत, येतेस का. गर्दी म्हणजे बाजार, लग्न, आग लागल्यावर पळणारे लोक. आमच्या भाषेत वॉला. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून ३४० नंबरची बस, मग पायी. २०१४च्या जूनमध्ये मेट्रो सुरू होईपर्यंत, म्हणजे पुरी वीस वर्षं, माझा हाच रस्ता होता.

तिथे पहिल्याच दिवशी मावशी भेटल्या. नाव लिहीत नाही. त्या हयात नाहीत आणि हयात असताना त्यांना नाव छापलेलं कधीच आवडलं नाही. पन्नाशीच्या, सुती साडी, पायात साध्या चपला, त्या दाराबाहेर काढलेल्या. आत जायच्या आधी त्यांनी दोन्ही हातांतल्या काचेच्या बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि बाजूला उभ्या असलेल्या माझ्या हातात दिल्या. "धर. वाजवू नकोस." मंगळसूत्र पदराखाली खोचलं, पदर कमरेला. काचेपलीकडे त्या माइकसमोर उभ्या राहिल्या, पडद्यावर सहा-सात वर्षांचा एक गोरा मुलगा आला आणि मावशींच्या तोंडून तो मुलगा बोलायला लागला.

त्या पहिल्या वाक्याला माझ्या अंगावर काटा आला. आवाज मी ओळखला. तेरा आठवडे आणि एक उन्हाळा मी त्याच्याच मागे होते.

त्या बाहेर आल्यावर मी बांगड्या पुढे केल्या आणि म्हटलं, "मावशी, मी चिंगी." त्यांना क्षणभर लागला नाही. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "तू 'श' जिभेच्या टोकाने म्हणायचीस. शेवंती. अर्धा श, अर्धा स. दोन दिवस लागले मला तो धरायला."

मला वाटलं होतं, माझं बोलणं पुसून त्यावर त्यांचं लिहिलं गेलं. त्यांनी तर नाग्रावरचा माझा पायलट कानात घालून वाक्य न् वाक्य ऐकलं होतं. मी कुठे श्वास घेते, कुठे अडते, कुठे घाईत शेवटचं अक्षर गिळते. माझा तो 'श' बरोबर करून म्हणणं त्यांना सोपं होतं. त्यांनी तो चुकीचाच ठेवला होता, कारण तो चिंगीचा होता. गॅलरीत मी त्यांच्यासारखं बोलायला शिकत होते, तेव्हा त्या माझ्यासारखं बोललेलं मी ऐकत होते.

मग त्या म्हणाल्या, "आणि नवव्या भागात शेवंती हरवते तेव्हाचं रडणं माझं नाही हं. रात्रीचा सीन होता, पायलट स्वच्छ आलं होतं. मी रेकॉर्डिस्टला म्हटलं, पोरीचा हुंदका आहे, तो काढायचा नाही. शब्द माझे घे, हुंदका तिचा ठेव."

सहा वर्षं मी तो भाग मनात घोळवत होते आणि मला माझं रडणं ओळखू आलं नव्हतं.

त्यानंतर नऊ-दहा वर्षं, त्या काम करत होत्या तोवर, मी त्यांच्याकडून शिकले. शिकवायला म्हणून त्या कधी बसल्या नाहीत. बघून घ्यायचं. कामाच्या दिवशी सुती कपडे, कारण रेशीम आणि नायलॉन सळसळतं. पोट रिकामं नको, नाहीतर ते माइकवर बोलतं. सकाळी दही-केळं नको. पर्समध्ये एक सफरचंद, तोंड चिकट झालं आणि जीभ टिचटिच वाजायला लागली की दोन घास. पळायचं असेल तर पाय न उचलता पळायचं, पोटातून. मुलगा तोंडात घास घेऊन बोलत असेल तर स्वतःच्या तळहाताची कड दातांत धरून बोलायचं. त्यांच्या उमेदीच्या काळात फिल्मचे तुकडे करून त्यांची वेटोळी फिरवत आणि तो तुकडा जमेपर्यंत पुन्हा पुन्हा पडद्यावर येई. म्हणून आजही आम्ही कॉम्प्युटरवरच्या तुकड्याला लूपच म्हणतो. तेव्हा एका माइकभोवती पाच-सहाजण उभे राहत. एकाने चूक केली की सगळ्यांना पुन्हा. मावशी सांगायच्या, त्या भीतीने सगळे एकमेकांचं ऐकायचे.

आता यातली खरी गंमत, जी मला अजून रात्री झोपू देत नाही, ती ओठांची. शाळेत आपण वर्णमाला शिकतो, त्यात प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य. पडद्यावरच्या माणसाचे ओठ मिटले की आपल्या वाक्यातही त्या जागी यांतलं एखादं अक्षर असावं लागतं. नसेल तर बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी खोटं चाललंय हे कळतं. आता इंग्रजी सिनेमातलं पोर आईला हाक मारतं, 'मॉम'. ओठ मिटलेले, उघडले, परत मिटले. हिंदीत 'माँ' म्हटलं की सुरुवात जमते. आणि मराठीत? 'आई' म्हणून बघा एकदा आरशासमोर. ओठ एकदाही मिटत नाहीत. जगातली पुष्कळ बाळं म्हणे ओठ मिटून आईला हाक मारतात, आणि आपली हाक तोंडभर उघडी.

एका सिनेमात असा मुलगा होता. आई बॅग घेऊन दाराकडे निघालेली, तो मागून धावत येतो, आपल्याकडे वळतो आणि तो एकच शब्द. चेहरा पडदाभर. 'मम्मी' करा, असं म्हणणं पडलं. मी म्हटलं, गावाकडच्या घरात दाखवलेला मुलगा मराठीत मम्मी नाही म्हणणार. अर्धा तास गेला. सुरुवातीला तो पाठमोरा होता, म्हणजे शेवटचं मिटणं तेवढं सांभाळायचं होतं. मग सुचलं : "आई, थांब!" शेवटच्या ब वर ओठ मिटले, अगदी त्याच्या ओठांबरोबर. मुळात 'थांब' नव्हतं. पण तो मुलगा दुसरं काय म्हणत होता?

आणखी एक सांगते. लोकांना वाटतं इंग्रजी जवळचं आणि जपानी लांबचं. माझ्या कामात उलटं आहे. इंग्रजीत नकार वाक्याच्या सुरुवातीलाच येतो. चित्रातल्या मुलाची मान तिथेच हलते आणि वाक्य संपेपर्यंत तो रागावून मोकळा झालेला असतो. आपलं 'मी शाळेत जाणार नाही' यात 'नाही' शेवटी. मग 'नाही जाणार मी शाळेत' अशी फिरवाफिरव करायची. जपानीत आपल्यासारखं क्रियापद शेवटी आणि नकारही त्यालाच चिकटलेला. रुसवा वाक्याच्या शेपटीला येतो, अगदी आपल्या पोरांसारखा. मी जपानी कार्टूनमधली मुलं हिंदीत आणि मराठीत केली आहेत आणि दर वेळी वाटलं, यांची आई डोंबिवलीत राहत असेल.

कुठली कार्टून, ते विचारू नका. गुप्ततेच्या करारांवर सह्या असतात. पण तुमच्या घरात लहान मूल असेल तर बहुधा मी तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलेली आहे.

बाईने मुलाचा आवाज का द्यायचा, हेही नेहमी विचारतात. मुलग्याचा आवाज फुटतो तेव्हा तो जवळपास एक सप्तक खाली उतरतो. मुलींचा उतरतो तो दोनेक स्वरांनी. मोठ्या पुरुषाच्या स्वरतंतूंची कंपनं बोलताना सेकंदाला १२५च्या आसपास, बाईची २००च्या, लहान मुलाची ३००च्या आसपास. म्हणजे बाईला तिथवर जायला थोडंच अंतर चालायचं असतं. पण नुसता आवाज बारीक केला तर ते मूल होत नाही, बारीक आवाजाची बाई होते. मुलाच्या घशापासून ओठांपर्यंतची पोकळीच आखूड असते, म्हणून गळा थोडा वर उचलायचा, ओठ हसल्यासारखे ताणायचे, जीभ पुढे ठेवायची. आणि श्वास छोटे. लहान मूल लांब वाक्य एका दमात बोलत नाही, मध्येच श्वास घेतं, चुकीच्या जागी. त्या चुकीच्या जागा शोधणं हे माझं खरं काम आहे.

जपानच्या मासाको नोझावाबाई माझ्या मनात सतत असतात. १९३६चा जन्म. त्याही लहानपणी सिनेमात काम करायच्या. १९८६पासून 'ड्रॅगन बॉल' या कार्टूनमधल्या गोकूचा आवाज त्यांचा, म्हणजे सुरुवात केली तेव्हा त्या पन्नाशीला टेकल्या होत्या, आणि नव्वदीच्या उंबरठ्यावरही त्या तोच मुलगा बोलत राहिल्या. मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी त्यांचा फोटो मागितला आणि बराच वेळ बघत बसल्या.

आपल्याकडे आवाजाची कदर नव्हती असं मला वाटत नाही. आई सांगायची, आकाशवाणीवरच्या 'पुन्हा प्रपंच'मधल्या टेकाडे भावोजींची, मीनावहिनींची आणि पंतांची लोक घरच्या माणसांसारखी वाट बघायचे. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू, प्रभाकर जोशी. बहुतेकांनी त्यांचे चेहरे बघितलेले नव्हते आणि त्यावाचून कुणाचं अडलं नाही. चेहरा दिसला नाही म्हणजे माणूस मागे पडला, ही समजूत टीव्हीबरोबर आली. आता 'बाहुबली'च्या हिंदीत शरद केळकरांचा आवाज, 'पुष्पा'च्या हिंदीत श्रेयस तळपदेंचा, यामुळे लोक पुन्हा विचारायला लागले आहेत की हा आवाज कुणाचा. मला त्याचा मनापासून आनंद होतो. ओटीटीवर शेवटी डबिंगच्या नावांची पाटीही येते हल्ली. मावशींचं नाव कुठल्याच पाटीवर आलं नाही.

तक्रारी आहेत, त्याही सांगते. पूर्वी सगळे एकत्र बोलायचे, आता प्रत्येकाला वेगळी वेळ. मी भांडते ते रिकाम्या खोलीशी, समोरच्याचं बोलणं चार दिवसांनी भरलं जातं. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये तर मी घरातलं गोदरेजचं कपाट उघडं ठेवून, त्याच्या दाराला गोधड्या टांगून, आत तोंड घालून बोलले, पंखा बंद, मे महिना, खाली भाजीवाल्याची गाडी जाईपर्यंत थांबायचं. पैसे एकदाच मिळतात, मग ते कार्टून पुढची पंधरा वर्षं का लागेना.

आणि नवी गोष्ट म्हणजे यंत्र. सात वर्षं मी एक मुलगा बोलत होते. गेल्या खेपेला करारात एक ओळ आली की या ध्वनिमुद्रणाचा वापर कुठल्याही तंत्रज्ञानासाठी कायमचा करता येईल. मी ती ओळ काढा म्हटलं. काढली नाही. मी सही केली नाही. तो मुलगा आता दुसरं कुणी बोलतं. २०२४च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांना अंतरिम आदेशाने रोखलं, तेव्हा आमच्या ग्रुपवर दिवसभर तोच विषय होता. पण त्यांचा आवाज देश ओळखतो. आमच्यापैकी कुणी कोर्टात उभं राहिलं, तर तो आवाज आपलाच आहे हे आधी सिद्ध करावं लागेल, कारण आम्ही आयुष्यभर तो दुसऱ्यांच्या तोंडी घातला. याची मला खरोखर काळजी वाटते. सही करायच्या आधी प्रत्येक ओळ वाचा, असं मी नव्या मुलींना हात जोडून सांगते.

पडद्यावर परत ये म्हणून बोलावणं आलं आहे, तीन-चारदा. जुने चेहरे एकत्र आणायचा एक कार्यक्रम होता, मग एका मालिकेत आईचं काम. कथा चांगली होती, माणसंही भली होती. मी नको म्हटलं. कॅमेऱ्यासमोर मला लोक बघत असतात. माइकसमोर मी कुणाला तरी बघत असते, इतक्या जवळून की त्याच्या पापणीआधी मला त्याचा श्वास कळतो. मला हे दुसरं आवडतं. दहाव्या वर्षापासून आवडतं. तुमच्या 'सोडलंस का'चं उत्तर इतकंच आहे.

मुलांबद्दल एक. आमच्या वेळी सेटवर किती तास, झोप किती, शाळा किती, हे ज्याच्या त्याच्या मनावर होतं. २०१७च्या केंद्राच्या नियमांत ते लिहून आलं : दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, सलग २७ दिवसांवर नाही, आणि मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावाच्या मुदत ठेवीत. कुणाचं मूल या कामात असेल तर एवढं पाठ असू द्या. पण एक गोष्ट कुठल्याच नियमात नाही. आपल्या तोंडून दुसरं कुणी बोलणार असेल तर ते मुलाला आधी सांगायचं. ते मी माझ्यापुरतं पाळते.

गेल्या वर्षी एका मराठी चित्रपटाचं काम आलं. बारा वर्षांचा मुलगा, सांगलीकडचा. मे महिन्यात शूटिंग झालं तेव्हा आवाज कोवळा होता, डिसेंबरात काही सीन पुन्हा बोलून घ्यायचे ठरले तर तो फुटलेला. म्हणून मला बोलावलं. मी म्हटलं, करते, पण आधी त्याला इथे आणा. वडील त्याला रात्रीच्या एसटीने घेऊन आले. हुडी घातलेला, मान खाली, नव्या जाड आवाजाची लाज वाटत असल्यासारखा. मी त्याला कन्सोलपाशी बसवलं, हेडफोन दिला, त्याचा पायलट ऐकवला. मग सांगितलं की यातले चार सीन मी बोलणार आहे आणि का.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "विहिरीपाशी रडतो ते पण तुम्हीच?"

"नाही. ते स्वच्छ आलंय. ते तुझंच राहणार. रेकॉर्डिस्टदादांना मी आधीच सांगितलंय."

त्याने मान हलवली. पुन्हा हेडफोन लावला, एक लूप स्वतःच मागे घ्यायला सांगितलं, ऐकलं. "मावशी, यातलं शेवटचं मी मोठ्याने नाही म्हटलेलं. कागदावर उद्गारचिन्ह आहे, पण मी हळू म्हटलं होतं. दादा झोपलेला असतो ना शेजारी." आणि त्याने ते म्हणून दाखवलं, त्या जाड आवाजात, हळू, 'दादा'च्या आधी एक छोटा श्वास घेऊन. चुकीच्या जागी.

मी हातातल्या बांगड्या काढल्या, त्याच्या ओंजळीत ठेवल्या, वाजवू नकोस म्हटलं आणि आत गेले.